सतरा खोडींचं घर

काटकोनरावांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. चाळीस वर्षांच्या सुतारकामात त्यांनी एकही दार, एकही खिडकी, एकही स्टूल काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हवाली केलं नव्हतं. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टेबलाचा कोपरा अंगठ्याने चाचपून बघायचे आणि मगच खुर्ची ओढायचे. म्हणून गल्लीने त्यांना काटकोनराव करून टाकलं. त्यांना राग येत नसे. माणसाने नाव कमवावं म्हणतात, त्यांनी ते निदान कामावरून तरी कमावलं होतं.

आता एवढा सुतासारखा सरळ माणूस, पण स्वतःच्या घराकडे बघायला त्याला कधी सवड झाली नाही. बायको म्हणायची, "अहो, जगाची दारं बसवता, आपलं तेवढं करकरतंय ते बघा." काटकोनराव म्हणायचे, "रविवारी." असे बरेच रविवार गेले, मग बायकोही गेली, आणि दार करकरतच राहिलं.

मागच्या हिवाळ्यात ते परसातल्या कामाच्या खोलीत शिडीवरून पडले. घोटा मोडला. दीड तास लाकडाच्या भुशात पडून ते हाका मारत होते. रस्त्यावरून माणसं जात होती, येत होती. शेवटी पेपरवाल्याला ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी लेक आली, पायाचं प्लास्टर बघितलं, बापाकडे बघितलं आणि एकच गोष्ट सांगून गेली. खालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे कुणी माणूस राहायला आलं तर बाबांनी खुशाल वर एकटं राहावं. उन्हाळा संपेपर्यंत कुणी आलं नाही, तर घराला कुलूप लावून तिच्याकडे यायचं. तिचं घर बाराव्या मजल्यावर होतं. तिथे करवत चालवायची म्हटलं तर पाच शेजाऱ्यांची परवानगी लागली असती. लेकीचं म्हणणं चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

भाडेकरू मिळायला खरं तर काही अडचण नव्हती. खोल्या हवेशीर, रस्ता शांत. अडचण स्वतः काटकोनरावच होते. कुणी घर बघायला आलं की ते हातात मोजपट्टी घेऊन घराच्या खोडी सांगायला सुरुवात करायचे. एकंदर सतरा होत्या, वहीत लिहिलेल्या. बाहेरच्या तीन लाकडी पायऱ्यांपैकी तिसरी चार सूत जास्त उंच. दार करकरतं. स्वयंपाकघराचा नळ बंद केला तरी तीन मिनिटं ठिबकतो. ओट्यासमोरची फरशी पाय पडला की टक्‌ करून वाजते. मधल्या बोळात डावी भिंत पोट काढून उभी आहे. नवव्या-दहाव्या खोडीपर्यंत येणारा माणूस घड्याळ बघू लागायचा आणि "घरी विचारून कळवतो" म्हणून जो जायचा तो जायचाच.

"काका," एजंटबाई एकदा कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लोक घर बघायला येतात हो, पोस्टमॉर्टेम बघायला नाही."

"फसवून घर द्यायचं नाही मला."

"फसवू नका. पण विचारल्याशिवाय सांगू तरी नका!"

उन्हाळा संपायला महिना उरला तेव्हा एजंटबाईंनी परगावी असलेला एक माणूस आणला. म्हणजे आणला नाही, तीच तर गंमत होती. शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. पुढच्या एक तारखेपासून इथल्या शाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं, आणि तोवर लांबच्या एका गावी चार महिन्यांच्या प्रशिक्षणाला अडकले होते. घर बघायला येता येणार नाही, करारसुद्धा तिथूनच करणार, म्हणाले. कसलं प्रशिक्षण ते त्यांनी सांगितलं नाही, आणि काटकोनरावांनी विचारलं नाही.

पहिल्या फोनला मास्तरांचा कॅमेरा बंद होता. तिकडचं नेट बरं नाही, असं कारण मिळालं. काटकोनरावांना ते काही पटलं नाही. ज्याचं तोंड दिसत नाही त्याला घर कसं दाखवायचं? पण वही उघडून त्यांनी सुरुवात केली आणि तिसऱ्या पायरीपाशीच पलीकडून प्रश्न आला.

"चार सूत म्हणजे नेमकं किती?"

चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "इंचाचे आठ भाग करा. त्यातले चार. म्हणजे अर्धा इंच."

"बरं. आणि फाटकापासून पायरीपर्यंत किती पावलं?"

"माझी अकरा."

"तुम्ही उंच आहात का?"

काटकोनराव खूश झाले. मास्तर एकेका खोडीवर थांबत होते, विचारत होते. दार करकरतं ते उघडताना की लावताना? बोळातली भिंत कमरेशी फुगली आहे की खांद्याशी? दुपारी ऊन कुठल्या भिंतीवर येतं, आणि हात लावला तर ती भिंत गरम लागते का? सतरा खोडींना दीड तास लागला. मध्येच शिडीवरून पडल्याची गोष्ट निघाली, लेकीच्या अटीची निघाली, बायकोच्या रविवारांचीही निघाली. फोन ठेवून काटकोनराव एजंटबाईंना म्हणाले, "माणूस हवा तर असा. भूगोलाचा आहे ना, नकाशाशिवाय पाऊल टाकायचा नाही."

"खोडी ऐकून पळाला नाही, तेवढं पुरे आहे मला," एजंटबाई म्हणाल्या.

कराराचा दिवस उजाडला तेव्हा महिना संपायला अकरा दिवस होते. एजंटबाईंनी त्यांचा लॅपटॉप काटकोनरावांच्या रंध्याच्या बाकावर मांडला, भुसा उडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं. पडद्यावर चार चौकोन उघडले. एकात काटकोनराव आणि एजंटबाई. दुसऱ्यात नोंदणी कार्यालयाचा कारकून, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचा कंटाळा. तिसऱ्यात लेक, ती साक्षीदार होती. चौथ्यात मास्तर. आज कॅमेरा चालू होता, कारण आज तो चालू ठेवावाच लागणार होता. चाळिशी उलटलेला, नीट भांग पाडलेला माणूस, कॅमेऱ्याच्या थोडं डावीकडे बघत बसला होता. बाजूला एक बाई बसल्या होत्या.

कारकुनाने नावं विचारली, कागद तपासले आणि म्हणाला, "पडद्यावर सहा आकडे आलेत. भाडेकरूंनी मोठ्याने वाचा, मग पुढे जाऊ."

मास्तरांनी मान बाजूच्या बाईंकडे वळवली.

"आवाज येतोय ना माझा? सहा आकडे. स्वतः वाचायचे, दुसऱ्या कुणी सांगायचे नाहीत."

"आवाज येतोय," मास्तर म्हणाले. "आकडे दिसत नाहीत. मला दिसत नाही. दोन वर्षांपासून कमी होत होतं, या वर्षी गेलंच. इथे मी काठी घेऊन चालायला शिकतोय. या माझ्या शिक्षिका आहेत."

एजंटबाईंनी हळूच "अगं बाई" म्हटलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

काटकोनराव तापले. तापायचा त्यांना हक्कच होता, असं त्यांना त्या वेळी तरी वाटलं. "मास्तर, मी माझ्या घराच्या सतरा खोडी तुम्हाला सांगितल्या. एक लपवली नाही. आणि तुम्ही एवढी गोष्ट पोटात ठेवलीत?"

"काका, तुमच्याआधी तीन घरमालकांना पहिल्याच वाक्यात सांगितली होती. तिघांनीही दुसरं वाक्य ऐकलं नाही." मास्तरांचा आवाज चढला नाही. "शाळेने मला परत घेतलंय. मुलं म्हणतात, सर, नकाशा तुमच्या डोक्यातच आहे, फळ्यावर आम्ही काढू. पण राहायला घर नसेल तर रुजू कुठून होऊ? लपवलं ते चुकलं. तुम्हाला नको असेल तर मी समजेन."

आता लेक बोलली. "सर, तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं, मनापासून. पण मी खाली माणूस हवा म्हणाले ते कशासाठी? बाबा पुन्हा पडले तर तुम्हाला दिसणार कसं?"

"ताई, पडलेला माणूस आधी ऐकू येतो," मास्तर म्हणाले. "मागच्या वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना डोळे होते. दीड तास लागला."

काटकोनरावांना तो भुसा आठवला, तोंडात गेलेला. हाका मारून मारून बसलेला घसा आठवला.

"तुमचा विचार होईपर्यंत एक सांगू का?" मास्तर म्हणाले. "फाटकापासून अकरा पावलं, माझी तेरा होतील. तीन पायऱ्या, तिसरी चार सूत उंच, तिथे पाय जास्त उचलायचा. दार उघडताना करकरतं, लावताना नाही. आत पाच पावलांवर बोळ, डावी भिंत कमरेशी फुगलेली, उजवीकडून जायचं. पुढे पायाखाली टक्‌ झालं की ओटा आला..."

ते सतराच्या सतरा बोलले. एक सूत इकडेतिकडे झालं नाही. काटकोनरावांनी आयुष्यभर मापं सांगितली होती. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि विसरायची. त्यांच्या घरात एकदाही पाऊल न टाकलेला हा माणूस त्यांच्या घरातून असा चालत गेला, जसे ते स्वतःही कधी चालले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी भुशावर खापर फोडलं आणि उपरण्याने डोळे पुसले.

"साहेब," ते कारकुनाला म्हणाले, "ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तुमच्याकडे काही सोय असेलच ना?"

कारकुनाचा कंटाळा कुठच्या कुठे पळाला होता. त्याने जाड पुस्तकात पान शोधलं. "आहे. दुसऱ्या पक्षाने सगळा करार शब्दन्‌शब्द वाचून दाखवायचा. मधलं काही गाळायचं नाही. मग त्यांनी 'समजलं' म्हणायचं."

"किती पानं आहेत?"

"बावीस. आणि तुमचं ते खोडींचं परिशिष्ट चार."

"वाचतो," काटकोनराव म्हणाले आणि चष्मा लावला.

लोकहो, भाडेकरार हा कुणी वाचत नाही. तो सही करण्यासाठीच जन्माला येतो. पण त्या दुपारी बावीस पानांचा एक करार पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसाच्या आवाजात वाचला गेला, आणि एका माणसाने तो कान देऊन ऐकला. कलम नऊ असं होतं की, घरात कोणताही बदल करायचा झाल्यास एका पक्षाने दुसऱ्या पक्षाला आधी कळवावे. काटकोनरावांनी तेही खणखणीत वाचलं. मास्तर "समजलं" म्हणाले. शिक्षिकेने त्यांचं बोट योग्य जागी नेऊन ठेवलं आणि मास्तरांनी सही केली. सही जरा तिरकी वर चढत गेली. काटकोनरावांनी तिरकी गोष्ट बघून काही न बोलण्याची ही पहिलीच वेळ असावी.

लेकीनेही साक्षीची सही केली. चौकोन बंद होण्याआधी ती म्हणाली, "सर, थँक यू." कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही.

आता यापुढे जे झालं त्याला काटकोनरावांचा चांगुलपणा कारणीभूत आहे. त्यांना झोपेतही एकच वाटत होतं, की या माणसाने आपलं घर वाचवलं, आणि आपण त्याला काय देतोय? वाकडी पायरी. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी उंच पायरी ठेवायची म्हणजे पापच की! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पटाशी पाजळली.

दहा दिवस त्यांनी जिवाचं रान केलं. तिसरी पायरी काढून तासली, पुन्हा बसवली. गुण्या लावला, पाणसळ लावली, एक केस मावणार नाही इतकी बरोबर. जुन्या बिजागऱ्या उपसून नव्या घातल्या. नळ बदलला. फरशी उचलून खाली सिमेंट भरलं. भिंतीचं पोट उतरवायला गवंडी बोलावला. दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा काडीचाही आवाज झाला नाही. काटकोनराव तिथेच उंबऱ्यावर बसले आणि मोकळ्या घराला म्हणाले, "घे बाई, झाला तुझा रविवार." मग पुष्कळ वेळ तिथेच बसून राहिले. किती सोपं होतं ते काम! एका सकाळचं.

मास्तरांना त्यांनी काही कळवलं नाही. आल्यावर बघतील, असं त्यांनी मनाशी म्हटलंसुद्धा, आणि त्या शब्दावर ते स्वतःशीच ओशाळले.

एक तारखेला दहाच्या सुमाराला फाटकाशी टॅक्सी थांबली. काटकोनराव लहान मुलासारखे दाराच्या मागे जाऊन उभे राहिले. मास्तरांनी बॅग खांद्याला लावली, टॅक्सीवाल्याला "पुढचं मला माहीत आहे" म्हणून सांगितलं आणि काठी टेकत निघाले. ओठ हलत होते. तेरा पावलं. पहिली पायरी. दुसरी. तिसरीला त्यांनी पाय चांगला उंच उचलला, अर्धा इंच जास्त, आणि तो पाय रिकाम्या हवेतून धाडकन खाली आला. तोल गेला. काठी सुटली. खांदा चौकटीवर आपटला.

काटकोनराव दारामागे भिंतीला टेकले.

मास्तरांनी चाचपडत काठी उचलली. हात दारावर ठेवला आणि जपून ढकललं. दार मुकाट उघडलं. ते कान देऊन उभे राहिले. पुन्हा दार ओढलं, पुन्हा ढकललं. मग त्यांचा चेहरा पडला.

"माफ करा," आतल्या अंधाराला ते अदबीने म्हणाले, "घर चुकलं वाटतं माझं." आणि वळून पायऱ्या उतरू लागले.

"मास्तर!" काटकोनराव अक्षरशः ओरडले. "मास्तर, चुकलं नाही! घर हेच आहे! मी आहे, मी!"

मास्तर थांबले. "काका? मग ती पायरी?"

"दुरुस्त केली."

"दार?"

"तेही. सगळंच केलं. सतराच्या सतरा." काटकोनराव दारामागून बाहेर आले. "तुम्हाला त्रास नको म्हणून केलं हो. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर, मास्तर. तुम्ही आला नसता तर हे घर सुटलंच होतं माझं. म्हटलं, वाकडंतिकडं घर कसं द्यावं या माणसाला. आणि तुम्हाला पाडलं मी."

मास्तर पायरीवरच बसले. खांदा चोळत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि काटकोनरावांना आधी वाटलं की रडतात, पण ते हसत होते.

"चार महिने काठी शिकलो," ते म्हणाले, "आणि दहा दिवस रोज रात्री अंथरुणात पडून तुमच्या घरात चाललो. उपकार तुमचे आहेत, काका. बाकीचे लोक घर दाखवतात. तुम्ही ते सांगितलंत. त्या घरात मी आधीच राहायला आलो होतो, कळतंय का? आणि तुम्ही ते घर मोडून टाकलंत. कलम नऊ काय आहे?"

"बदल करायचा झाल्यास आधी कळवावे," काटकोनराव पुटपुटले.

"कुणी वाचून दाखवलं होतं?"

"मी."

काटकोनराव त्यांच्या शेजारी बसले. कोपराला कोपर लागत होतं. थोड्या वेळाने ते उठले, परसात गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. सुतार काही टाकत नाही. डब्यात जुन्या बिजागऱ्या होत्या, गंज आणि कित्येक वर्षांची धूळ धरून.

"सांगा, काय काय परत वाकडं करू?"

"नळ राहू द्या," मास्तर घाईने म्हणाले. "मी काही खुळा नाही. भिंतही राहू द्या. पायरी सरळच बरी, पाय दोन दिवसांत शिकेल. पण दार..." ते जरा थांबले. "दार करकरलं की मला कळेल, घर इथे आहे. आणि वर तुम्हाला कळेल, मी आलो."

चाळीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाने मुद्दाम वाईट काम मागायची ही पहिलीच खेप. काटकोनरावांनी ते मन लावून केलं. नव्या बिजागऱ्या काढल्या, जुन्या चढवल्या, एक स्क्रू अर्धा फेर सैल सोडला. मास्तर बाजूला उभे राहून ऐकत होते. "अजून थोडं", "नाही, इतकं नको", "हां". शेवटी दार उघडलं आणि जुनं, लांबलचक करकरलं. बायको असती तर तिने कानावर हात ठेवले असते. काटकोनरावांना ते ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी दार आणखी दोनदा उघडलं.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, लेकीचा फोन आला. काटकोनराव वर खिडकीपाशी बसले होते. बोलता बोलता खालून आवाज आला. शाळा सुटून मास्तर परतले होते.

"बाबा, ते दार अजून करकरतंय?" लेक फोनवर म्हणाली. "आई सांगून सांगून थकली. आतातरी तेल घाला की."

"नाही घालणार," काटकोनराव म्हणाले. "करारात आहे."

खाली ओट्याजवळ पाण्याचं भांडं वाजलं, आणि मास्तरांनी रोजच्यासारखी वर हाक मारली, "काका, आहात ना?"

"आहे, आहे!" काटकोनरावांनी उत्तर दिलं, आणि फोनच्या पलीकडून लेक म्हणाली, "तेल राहू द्या, बाबा."